जोडीदाराची साक्ष

२ तारीख, गुरुवार

ताई,

साष्टांग नमस्कार लिहिलेला तुला आवडत नाही, म्हणून साधाच नमस्कार. पण वाकून केला आहे असं समज. मी बरा आहे. तूही बरी असशील. आईचा गुडघा आणि बाबांचा आवाज, दोन्ही होते तसेच असतील.

पत्र तुझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. घरी फोन केला की बाबा तो मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवतात आणि सगळे भोवती बसतात. मग मी काय जेवलो एवढंच बोलून होतं. तुझ्या मालकांना माझा नमस्कार सांग. आणि हाताला खळ असेल तर आधी पुसून मग हे उघड. मागच्या पत्राची पानं एकमेकांना चिकटली आणि मधला मजकूर तू अंदाजाने वाचलास, हे मला अजून खटकतं. मधे फार काही नव्हतं, पण तरी.

आता इथलं. आमची पाणबुड्यांची शाळा गोदीच्या अगदी टोकाला आहे. खाली शिकायचा तलाव, वर वर्ग, मागे आमच्या खोल्या. खोलीत दोन खाटा आणि एक खिडकी. खिडकीतून गोदीची भिंत दिसते आणि त्या भिंतीवर भरतीचं पाणी कुठवर चढतं त्याची हिरवी रेघ. समुद्र दिसत नाही, त्याची उंची तेवढी दिसते. शिकून झाल्यावर काम म्हणजे जहाजांचे तळ खरवडणं, धक्क्याचे खांब तपासणं, अडकलेले दोर सोडवणं. मासे वगैरे बघायला मिळतील असं आईला वाटतं. तिला वाटू दे.

माझ्या खोलीतल्या जोडीदाराला सगळे बोया म्हणतात. बंदरात खूण म्हणून तरंगत ठेवलेला पिंप असतो ना, तो बोया. अंगाने गोल आहे आणि काही केल्या बुडत नाही. त्याच्या कमरेला सगळ्यांपेक्षा जास्त शिसं बांधावं लागतं. मला सगळे मास्तर म्हणतात. पहिल्याच दिवशी वस्तादांनी फळ्यावर ‘दीर्घ श्वास घ्या’ लिहिताना ‘दी’ ऱ्हस्व काढला होता. कुणी नाही असं बघून मी तो दुरुस्त केला आणि नेमकं बोयाने बघितलं. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला मास्तर म्हणतात, हे वाचून तू हसशील. पण शुद्धलेखन तुझं आहे. मी फक्त वापरतो.

इथे सगळं जोडीने करायचं असतं. पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराच्या नळीतून दोन श्वास आपण घ्यायचे आणि आपल्या नळीतून त्याने. म्हणजे तुझी हवा मी तपासली, माझी तू. बोयाच्या नळीला कायम पेपरमिंटचा वास येतो. मला आधी किळस यायची. आता त्या वासाशिवाय पाण्यात उतरल्यासारखं वाटत नाही.

सध्या तपासण्या चालू आहेत. आमच्या डॉक्टरीणबाई पांढऱ्या केसांच्या आहेत आणि पूर्वी स्वतः पाण्यात उतरायच्या. जमिनीवर जे दोष गुपचूप बसून असतात ते पाण्याच्या दाबाखाली उठून उभे राहतात, असं त्या म्हणतात. छातीचा फोटो झाला. एका यंत्राच्या नळीत पोट पाठीला लागेपर्यंत फुंकायचं झालं. मग नाक दाबून फुंकायचं आणि त्याच वेळी त्या कानात दिवा घालून पडदा हलतो का ते बघतात. माझा डावा पडदा आळशी आहे म्हणाल्या, पण शेवटी हलला. पेटीवर चढउतार करायची आणि नाडी किती लवकर जागेवर येते ते बघायचं. डोळे मिटून, हात छातीवर बांधून, एका पावलाला दुसरं पाऊल लावून उभं राहायचं. बोया भिंतीसारखा उभा राहिला. मी डुललो, पण पडलो नाही. दातसुद्धा बघतात. भरलेल्या दाताखाली हवा राहिली तर वर येताना दात तडकतो. एकाने विचारलं, अक्कलदाढ आली नसेल तर चालतं का? बाई म्हणाल्या, दाढ नसली तर चालतं.

मग तोंडी प्रश्न. दमा आहे का, साखर आहे का, कधी बेशुद्ध पडलास का, घरात कुणाला काही आहे का. मी सगळ्याला नाही म्हणालो. निघताना बाबांनी तसंच बजावलं होतं. विचारतील त्याला नाही म्हणायचं आणि पुढे सरकायचं.

तपासणीचा शेवटचा भाग पुढच्या शुक्रवारी आहे. तो या शाळेचा स्वतःचा नियम आहे. त्याला जोडीदाराची साक्ष म्हणतात. लेखी काही नसतं. जोडीतल्या एकेकाला बाई आत बोलावतात आणि दुसऱ्याबद्दल विचारतात. तू याच्याबरोबर राहिला आहेस, याला झोपताना, खाताना, दमल्यावर बघितलं आहेस. याच्याबरोबर पाण्यात जाशील का?

बाकी विशेष नाही. परवा तलावातून आल्यावर बोयाला जरा चक्कर आली. उपाशी होता. आता ठणठणीत आहे.

एक सहज विचारायचं होतं. तुला ते होण्याआधी तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते असं तू म्हणायचीस. तशी सगळ्यांना येते का? आणि तुझी गोळी एकदम बंद केली तर काय होईल? सहजच. जमलं तर लवकर लिही.

तुझा,
मास्तर


९ तारीख, गुरुवार

ताई,

नमस्कार. तुझं कार्ड काल मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर तू तीनच ओळी लिहिल्यास. “ती चक्कर नव्हती. तुलाही माहीत आहे. गोळी एकदम सोडणं जिवावर बेततं, त्याला सांग.”

हो, मला माहीत होतं. मी तुझा भाऊ आहे, मला नाही कळणार तर कुणाला.

आता सगळं नीट सांगतो. तलावाशेजारी आमची सूट वाळवायची खोली आहे. रबरी सूट खांद्याला टांगलेले असतात, पाय खाली, हात खाली, डोकं नाही. पहिल्या दिवशी मी त्या खोलीत पाऊल टाकायला घाबरलो होतो. त्या दिवशी दुपारी मी माझा सूट टांगत होतो आणि पलीकडच्या रांगेत धप्प आवाज झाला. मला वाटलं कुणाचा सूट पडला. उचलायला गेलो तर बोया होता. ताठ झाला होता, मान एका बाजूला ओढलेली, आणि मग सुरू झालं. तुला ठाऊक आहे काय.

मी ओरडलो नाही. आजूबाजूचे हँगर दूर सारले, डोक्याखाली टॉवेल दिला, अंग सैल पडल्यावर त्याला कुशीवर वळवलं आणि तोंडात काहीही घातलं नाही. जसं तुझ्यासाठी करतो तसंच. आपल्या घरी तुला पहिल्यांदा झालं तेव्हाचं बाबा विनोद म्हणून सांगतात ना, की बहीण उठून बसली आणि भाऊ आडवा झाला. या वेळी भाऊ आडवा झाला नाही. हे तुला सांगावंसं वाटलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

तो शुद्धीवर आला तेव्हा वर टांगलेल्या सुटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, “हे सगळे कुठे चाललेत?” जीभ चावली गेली होती. मग हळूहळू त्याला मी कोण ते आठवलं आणि तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, आवाज न करता.

त्याला लहानपणी मोठा ताप आला, तेव्हापासून आहे. गोळीवर इतका चांगला होता की शेवटची आकडी कधी आली ते त्याला आठवत नव्हतं. गोळ्या तो पेपरमिंटच्या डबीत ठेवायचा. तपासणीची तारीख लागली तेव्हा त्याला वाटलं, लघवी घेतात, त्यात गोळी सापडेल. म्हणून त्याने त्या एकदम बंद केल्या. म्हणजे बरा दिसण्यासाठी त्याने बरं ठेवणारी गोष्टच सोडली.

तुझं कार्ड मी त्याला दाखवलं. त्याने पुन्हा गोळी सुरू केली आहे. ताईंना सांग, ऐकलं, असं म्हणाला. म्हणजे तुझ्याबद्दल मी त्याला सांगितलं आहे. त्याला धीर यावा म्हणून सांगितलं. घरात सगळ्यांनी इतकी वर्षं झाकलेली गोष्ट मी सुटांच्या खोलीत फरशीवर बसून एका परक्या माणसाला सांगितली. तुला राग आला असेल तर लिही.

आणि ज्या प्रश्नांना मी नाही म्हणालो असं मागे लिहिलं, त्यात एक प्रश्न असा होता: घरात कुणाला आकडी येते का? मी त्यालाही नाहीच म्हणालो. लगेच म्हणालो. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आधी. बाहेर आलो आणि नळावर हात धुतले. हात खराब नव्हते.

उद्या साक्ष आहे.

बोया म्हणतो, “पाण्यात मला कधीच आली नाही, मास्तर. पाण्यात मला बरं वाटतं.” मी म्हणालो, येईल तेव्हा पहिल्यांदाच येईल ना. तो म्हणाला, आली तरी मासे कुठे कुणाला सांगायला जाणार आहेत. मी हसलो. मग रात्रभर, म्हणजे तू समजून घे. जमिनीवर आकडी आली तर माणूस कुशीवर वळवता येतो. पाण्यात तोंडातली नळी सुटते. दात आवळलेले असले तर परत घालता येत नाही. आणि ताठ माणसाला घाईने वर काढलं, श्वास अडकलेला असताना, तर फुफ्फुस फाटतं. हे वस्तादांनी वर्गात शिकवलं तेव्हा बोया माझ्या शेजारीच बसला होता आणि वहीत मासा काढत होता. मी त्या माशाकडे बघत बसलो.

त्याला दुसरं काही येत नाही. घरी मोठा भाऊ आहे, तो त्याला बिनकामाचा म्हणतो. इथे पहिल्यांदाच वस्ताद त्याला बघून म्हणाले, पाण्यात हा राजा आहे. खरंच आहे, ताई. जमिनीवर तो धडपडतो आणि पाण्यात असा काही वळतो की बघत राहावं.

मी साक्षीत काय बोलू? तू विचारशील, मला का विचारतोस. कारण तुझं जमलेलं लग्न कुणीतरी जाऊन सांगितल्यामुळे मोडलं. मला आठवतं तू त्या दिवशी दुकानातून आलीस आणि जेवून झोपलीस. शेजारच्या नर्सबाईंनीच सांगितलं असं धरून आईने त्यांच्या दारात उभं राहून नको ते बोलून घेतलं, आणि तेव्हापासून त्यांच्या घरचं कुणी आपल्याकडे येत नाही. मी तेव्हा मनात ठरवलं होतं, माणूस काहीही व्हावा, सांगणारा होऊ नये. आता मी उद्या तोच होणार की काय?

हे पत्र पोचेल तोवर उद्या होऊन गेलेला असेल, हे मला कळतं. तरी लिहितो आहे. बोया झोपला आहे आणि त्याच्याकडे पाठ करून बसलो आहे.

तुझा,
नववी पास नसलेला भाऊ


१९ तारीख, रविवार

ताई,

नमस्कार. तुझं पत्र शुक्रवारी आलं. साक्ष त्याच्या आदल्या शुक्रवारी होऊन गेली होती. त्यामुळे जे केलं ते तुझ्या सल्ल्याशिवाय केलं. आधी ते सांगतो, मग तुझ्या पत्राचं.

आधी बोयाला आत बोलावलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. तो बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “जा. मी सांगितलं, याच्याबरोबर मी कुठेही उतरीन.” त्याने तुझं नाव काढलं नाही. ताई, त्याला तुझं माहीत होतं, मी नाही म्हणालो होतो तेही माहीत होतं. त्याने काही सांगितलं नाही. असा खांद्यावरचा हात घेऊन मी आत गेलो.

बाईंनी बसायला सांगितलं आणि तोच प्रश्न विचारला. याच्याबरोबर पाण्यात जाशील?

 त्यांनी घाई केली नाही. मग मी म्हणालो, “मी जाईन. पण त्याने जाऊ नये.”

पुढचं सांगायला फार वेळ लागला नाही. गोळ्या लघवीत सापडतील म्हणून सोडल्या, हे सांगितलं तेव्हा बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. लघवीत आम्ही साखर बघतो, म्हणाल्या. मग खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. त्यांना राग आला नव्हता. आला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग मला म्हणाल्या, तुझ्या पोटात एवढंच आहे की अजून काही आहे?

मी म्हणालो, “माझ्या बहिणीला आकडी येते.”

घराबाहेरच्या माणसापुढे, खुर्चीवर बसून, सरळ आवाजात मी हे पहिल्यांदा बोललो. काही झालं नाही. बाईंनी फक्त मान हलवली आणि तू कोणती गोळी घेतेस ते विचारलं. मी नाव सांगितलं, स्पेलिंगसकट. बहिणीला आकडी येते म्हणून भावाला कुणी पाण्याबाहेर ठेवत नाही, असं त्या म्हणाल्या. मी उगाच लपवलं. आपण सगळ्यांनीच उगाच लपवलं की काय, असं परत येताना वाटत होतं.

बोयाला त्याच दुपारी बोलावून सांगितलं. आकडीचा इतिहास असला की हा धंदा बंद, गोळी चालू असो की नसो. वस्तादांनी त्याला गोदीवर दोर सांभाळायचं काम सुचवलं. तो नको म्हणाला. वरून दुसऱ्यांचे बुडबुडे मोजत बसणं त्याला जमणार नाही, म्हणाला. खोलीत येऊन त्याने सामान भरलं. मी खिडकीशी उभा होतो, त्या हिरव्या रेघेकडे तोंड करून. तो पलंगाची चादर नीट घडी करून ठेवत होता, जी त्याने कधी केली नव्हती. दारात थांबून म्हणाला, “मास्तर, तू उत्तर बरोबर दिलंस. त्याचाच राग येतो.”

त्याने पत्ता दिला नाही. मी मागायला हवा होता.

आता खोलीत दुसऱ्या खाटेवर गुंडाळलेली गादी आहे. मी माझं काहीच तिकडे ठेवत नाही. जेवायला गेलो की ज्या टेबलाशी बसतो ते हळूहळू रिकामं होतं. कुणी भांडत नाही, कुणी काही बोलत नाही. पाव संपला म्हणून कुणी उठतो, कुणाला फोन येतो. त्यांचंही बरोबर आहे. प्रत्येकाकडे काही ना काही असणार. एकाची छाती थंडीत वाजते, एकाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. त्यांना वाटतं हा मोजून ठेवतो आहे. आणि खरं सांगू, मला दिसतंच. मी न बघायचा प्रयत्न करतो.

वस्ताद भेटले तेव्हा म्हणाले, “बरोबर केलंस. आता काही दिवस एकटाच जेव.” एवढंच. मग त्यांनी फळ्यावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, यात काही चुकलं आहे का. मी नाही म्हणालो. चुकलं होतं.

आता तुझं पत्र. मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटायला आलं आहे. तू लिहिलंस, “नर्सबाईंनी नाही सांगितलं. मी सांगितलं. ज्याच्याशी ठरलं होतं त्याच्याबरोबर चहा प्यायला गेले होते तेव्हा सांगितलं. जो माणूस जन्मभर शेजारी झोपणार त्याला हे माहीत असायला हवं. त्याने चहा संपवला आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवला.” पुढे लिहिलंस, “नर्सबाईंवर आळ आला तो मी येऊ दिला, ते मात्र बरोबर नव्हतं.”

मला आधी राग आला. एवढी वर्षं आम्ही त्यांच्या दारावरून मान वळवून जायचो. मग मला आठवलं की दुकानात पहिल्या दिवशी तू मालकांना स्वतः सांगितलं होतंस. म्हणूनच ते तुला कापायच्या मशीनजवळ जाऊ देत नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं की तू भोळी आहेस. भोळा मीच. घरात सगळे ज्याला झाकत होते ते तू एकटी उघडं ठेवत होतीस आणि त्याची किंमत जेवून झोपून भागवत होतीस.

नर्सबाईंचं घरी सांगायचं की नाही ते तू ठरव. मी सांगणार नाही. साक्षी द्यायचा धंदा मी बंद केला आहे. पण तू त्यांच्या दारात गेलीस तर मला आवडेल, एवढं म्हणतो.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. वर इतकं लिहून झालं, कारण हे पुढे ढकलत होतो.

त्या दिवशी बाईंनी मला सगळे प्रश्न पुन्हा विचारले. कधी बेशुद्ध पडलास का, हाही. या वेळी मी हो म्हणालो. तुला पहिल्यांदा झालं तेव्हाचं सांगितलं. आई-बाबा बाहेर गेले होते. तू शुद्धीवर आलीस, भिंतीला टेकून बसलीस, नंतर बोलायला लागलीस, पाणी मागितलंस. मी पेला भरून आणला आणि पेल्यासकट पडलो. मला वाटलं बाई हसतील, आपल्या घरी सगळे हसतात. त्या हसल्या नाहीत. खुर्ची पुढे घेतली आणि म्हणाल्या, पडलास तेव्हा हातपाय झटकले का? किती वेळ पडून होतास? उठल्यावर लगेच भान होतं की नव्हतं?

मी म्हणालो, मला कसं माहीत असणार. मी तर पडलो होतो.

ज्याच्या घरात कुणाला आकडी येते तो माणूस एकदा कारण न कळता बेशुद्ध पडला असेल, तर ती नुसती भीतीने आलेली मूर्च्छा होती की दुसरं काही, हे कळल्याशिवाय त्या मला पाण्यात सोडणार नाहीत. त्यांनी माझ्या डोक्याला तारा चिकटवून आलेख काढला. आलेख चांगला आला. मला वाटलं सुटलो. पण त्या म्हणाल्या, चांगला आलेख म्हणजे आज काही नाही एवढंच. त्या दिवशी काय झालं ते आलेखाला माहीत नाही. ते ज्याने बघितलं त्याला माहीत.

बघितलं फक्त तू.

शिवाय मला आता जोडीदारही नाही. बोयाची साक्ष त्यांनी धरली नाही, आणि दुसरं कुणी माझ्याबद्दल बोलायला पुढे आलं नाही. तेव्हा मी त्यांना तुझ्या दुकानाचा नंबर दिला. माझी साक्ष माझी बहीण देईल असं सांगितलं. घरचा नंबर मुद्दाम दिला नाही, तिथे बाबा फोन टेबलावर ठेवतील आणि बाईंनी पुरतं विचारायच्या आधीच नाही म्हणतील. बाई या आठवड्याच्या शेवटी कधीतरी फोन करतील. मालकांना आधी सांगून ठेव. शिवणयंत्र चालू असेल तर बंद करायला सांग, त्यांचा आवाज हळू आहे.

मला पास करायचं म्हणून काही सांगू नकोस. आणि मला पाण्यापासून लांब ठेवायचं म्हणूनही नको. तुला तीही इच्छा होईल, मला माहीत आहे. मी तुला विचारत नाही की मी कसा पडलो होतो. इतकी वर्षं विचारलं नाही. तू मला सांगूही नकोस, पत्रात लिहू नकोस. माझ्या हातापायांचं काय झालं ते त्यांनाच सांग. घरी सांगतात तो विनोद सांगू नकोस. पेला स्टीलचा होता आणि फुटला नाही, एवढंच मला स्वतःचं आठवतं. आणि उठलो तेव्हा मी कुशीवर होतो आणि माझ्या डोक्याखाली तुझी ओढणी होती, हेही आठवतं. तुझ्या अंगात उठायचं त्राण नव्हतं तेव्हा.

जे होईल ते होईल. नाही म्हणाल्या तर मी दोर सांभाळायचं काम मागणार आहे. मला बुडबुडे मोजत बसणं जमेल. हो म्हणाल्या तर मला वस्तादांच्या जोडीने उतरवतील. त्यांच्या नळीला कसलाच वास येत नाही.

शेवटी बाई तुला शाळेचा तो प्रश्नही विचारतील, याच्याबरोबर पाण्यात जाशील का. तुला पोहता येत नाही हे मी त्यांना सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, तरी विचारीन. घाईने उत्तर देऊ नकोस. पहिल्या तपासणीत मी दिलं होतं, आणि तुलाच नाही म्हणून टाकलं होतं. ते एवढ्या लांबून पुसता येत नाही.

गोळी वेळेवर घे. हे पत्र कोरड्या हाताने वाचलंस ना?

अजून पेला घेऊन उभा असलेला,
तुझा भाऊ